बँकेने भेट दिलेला चांदीचा डॉलर नेमका कधीचा?

माझ्या टेबलावर आत्ता पुठ्ठ्याचे एक कार्ड आहे. पोस्टकार्डाहून किंचित लहान, एके काळी पांढरे असावे असे, आता कडांकडून तपकिरी पडत आलेले. मधोमध गोल भोक पाडून, दोन्ही बाजूंनी पारदर्शक कागद चिकटवून त्यात चांदीचा एक डॉलर बसवला आहे आणि त्या डॉलरवर १९२१ हे साल आहे. कार्डाच्या माथ्यावर ओहायो राज्यातल्या एका बँकेचे नाव, खाली पत्ता आणि त्याखाली निळ्या शाईत, या डॉलरने तुमच्या बचतीची सुरुवात होवो, अशा अर्थाची एक ओळ छापली आहे. घरमालक वारल्यानंतर घरातले सगळे सामान मांडून विकतात तशा एका विक्रीत, बटणांच्या डब्याखाली ते मला मिळाले. विक्री सांभाळणारे गृहस्थ म्हणाले, "हे १९२१ चे आहे बघा, त्यावर लिहिलेच आहे."

लिहिले होते ते नाण्यावर. कार्डावर कोठेच साल नव्हते.

ही गल्लत अगदी सर्रास होते. घरात असे कार्ड सापडले की माणसे नाण्यावरचे साल वाचून थांबतात आणि पणजोबांनी त्या साली खाते उघडले असणार, अशी एक गोष्ट त्याभोवती रचली जाते. अमेरिकी बँकांनी खातेदारांना वाटलेल्या चांदीच्या डॉलरांबाबत ही गोष्ट बहुतेक वेळा तीस-चाळीस वर्षांनी चुकते, क्वचित ऐंशी वर्षांनीही. नाण्यावरचे साल एवढेच सांगते की, भेट त्याच्या आधी दिलेली असू शकत नाही. त्यानंतर ती कधी दिली गेली हे पुठ्ठा, छपाई, पत्ता आणि तळाशी बारीक अक्षरांत असलेली एखादी ओळ यांतून शोधावे लागते. गेली काही वर्षे मी हा उद्योग हौसेने करते आहे, आणि कोणत्या पुराव्यावर किती भार टाकावा याबद्दल माझी काही मते बनली आहेत.

आधी हे नाणे इतकी वर्षे कोठे पडून होते ते सांगायला हवे, कारण सगळा गोंधळ तेथूनच सुरू होतो. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकी सरकारवर दरमहा किमान २० लाख आणि कमाल ४० लाख डॉलर किमतीची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडण्याचे बंधन घातले. जॉर्ज मॉर्गन यांनी कोरलेला तो मॉर्गन डॉलर. खाणमालकांची त्यात सोय झाली, पण २६.७३ ग्रॅम वजनाचे आणि ३८.१ मिलिमीटर व्यासाचे ते धूड खिशात घेऊन हिंडायला फारसे कोणी राजी नव्हते. पश्चिमेकडच्या राज्यांत ते व्यवहारात फिरले. पूर्वेकडे लोकांनी त्याऐवजी सिल्व्हर सर्टिफिकेट नावाची कागदी नोट पसंत केली आणि प्रत्यक्ष नाणी हजार-हजारांच्या कॅनव्हासच्या पिशव्यांत भरून तळघरात रचली गेली. एका पिशवीचे वजन पावणेसत्तावीस किलोच्या आसपास भरते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पिशव्या वारंवार कोणी का हलवल्या नसतील ते कळते.

१९१८ च्या पिटमन कायद्यानुसार यांतली २७ कोटींहून अधिक नाणी वितळवली गेली, आणि त्यांची भरपाई करण्याची अट त्याच कायद्यात असल्यामुळे १९०४ नंतर बंद पडलेला मॉर्गन डॉलर १९२१ साली पुन्हा पाडला गेला. त्या एका वर्षात तीन टांकसाळींनी मिळून सुमारे ८ कोटी ६७ लाख मॉर्गन डॉलर काढले. त्याच वर्षाच्या अखेरीस अँथनी दे फ्रान्सिस्की यांचा पीस डॉलर आला. तो १९२८ पर्यंत आणि नंतर १९३४ व १९३५ अशी दोन वर्षे निघाला. व्यवहारासाठी चांदीचा डॉलर पाडणे तेथे संपले. म्हणजे १९३५ नंतर कोणत्याही बँकेने कोणालाही असा डॉलर दिला तरी तो जुनाच असणार होता, आणि १९२१ किंवा १९२२ चे नाणे हाती पडण्याची शक्यता सर्वांत जास्त होती, कारण पिशव्यांत भरणा त्यांचाच होता. १९२१ चे साल असलेल्या कार्डाकडून म्हणूनच मी काळाबद्दल काहीही अपेक्षा ठेवत नाही.

बँका असली भेट का देत होत्या, हेही कालनिश्चितीच्या कामाचे आहे. १९३३ च्या बँकिंग कायद्याने चालू खात्यावर व्याज देण्यास मनाई केली आणि बचतीवरच्या व्याजाला कमाल मर्यादा घालण्याचा अधिकार फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेला दिला. रेग्युलेशन क्यू या नावाने ओळखली जाणारी बचतीवरची ही मर्यादा टप्प्याटप्प्याने शिथिल होत १९८६ साली संपली. मधल्या पन्नासेक वर्षांत शेजारच्या बँकेपेक्षा पाव टक्का जास्त व्याज देऊन गिऱ्हाईक ओढण्याची सोय व्यापारी बँकांना फारशी नव्हती. मग टोस्टर आले, ब्लँकेटे आली, ताटे-वाट्या आल्या आणि चांदीचा डॉलरही आला. त्यात डॉलरची एक खास गंमत होती. मार्च १९६४ पर्यंत तो बँकेला दर्शनी किमतीला, म्हणजे बरोबर एका डॉलरला मिळत होता. घेणाऱ्याला मात्र तो एका डॉलरपेक्षा मोलाचा वाटे. इतकी स्वस्त आणि इतकी भारदस्त भेट दुसरी कोणती असेल असे मला वाटत नाही.

मार्च १९६४ ही तारीख या सगळ्या प्रकरणाचा बिजागर आहे. एका चांदीच्या डॉलरमध्ये ०.७७३४ ट्रॉय औंस शुद्ध चांदी असते. चांदीचा भाव औंसाला सुमारे १.२९ डॉलर झाला की नाण्यातली चांदी आणि नाण्याची दर्शनी किंमत समान होते, आणि १९६३ च्या उत्तरार्धात भाव तेथवर पोहोचला. लोकांनी सर्टिफिकेटे देऊन नाणी नेण्याचा सपाटा लावला, वॉशिंग्टनमध्ये ट्रेझरीच्या खिडकीसमोर रांगा लागल्या आणि अर्थमंत्री डग्लस डिलन यांनी मार्च १९६४ मध्ये नाणी देणे थांबवले. तोवर सरकारच्या तळघरात सुमारे ३० लाख नाणीच उरली होती. त्यानंतर ज्या बँकेला भेट म्हणून चांदीचा डॉलर द्यायचा होता तिला स्वतःच्या तिजोरीतला जुना साठा काढणे किंवा नाण्यांच्या व्यापाऱ्याकडून वरचा भाव देऊन तो विकत घेणे, असे दोनच मार्ग उरले.

हा बदल कार्डांच्या भाषेत उतरलेला मला दिसतो. माझ्याकडच्या ज्या कार्डांचा आणि पाकिटांचा काळ इतर पुराव्यांवरून १९६४ पूर्वीचा ठरतो, त्यांच्यावर नाण्याबद्दल जवळपास काहीच लिहिलेले नाही. बचत करा, नाताळच्या शुभेच्छा, बाळाच्या आगमनाबद्दल अभिनंदन, एवढाच मजकूर. डॉलर हा तेथे नुसता डॉलर आहे. नंतरच्या कार्डांवर मात्र नाणे हेच नाटकाचे मुख्य पात्र झालेले असते. हे ऐतिहासिक नाणे आहे, यात नव्वद टक्के चांदी आहे, पश्चिमेकडच्या खाणींची ही आठवण आहे, असा लांबलचक परिचय, आणि सोबत कठीण प्लास्टिकची डबी किंवा मखमली कागदाचे अस्तर. ज्या वस्तूसाठी जादा पैसे मोजले त्या वस्तूची बँक तारीफ करणारच. हा नियम नव्हे, माझ्या पन्नासेक वस्तूंवरून बांधलेला अंदाज आहे. पण तो अजून मला फारसा दगा देऊन गेलेला नाही.

नाणे काळाबद्दल अगदीच मुके असते असेही नाही. १९६२ च्या अखेरीस, १९२९ पासून मोहरबंद असलेल्या फिलाडेल्फिया टांकसाळीच्या एका तळघरातून न्यू ऑर्लिन्स टांकसाळीच्या नाण्यांच्या पिशव्या बाहेर पडल्या. त्यात १९०३ चे न्यू ऑर्लिन्सचे डॉलर होते. तोवर हे नाणे कोरे मिळणे इतके दुर्मीळ मानले जात होते की, किमतींच्या पुस्तकात त्यापुढे १,५०० डॉलर छापलेले असत; पिशव्या फुटल्यावर भाव काही महिन्यांत कोसळला. १८९८ आणि १९०४ च्या न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांचीही तीच कथा. बँकेच्या कार्डात यांपैकी एखादे न झिजलेले, चकाकी शाबूत असलेले नाणे दिसले, तर मी १९६२ ची हिवाळ्याची सुरुवात ही सर्वांत आधीची सीमा धरते. त्यासाठी मागची बाजू भिंगाखाली धरून पुष्पचक्राच्या गाठीखाली त्या टांकसाळीची खूण असलेले 'ओ' हे अक्षर आहे का ते पाहावे लागते. कार्सन सिटी टांकसाळीच्या 'सीसी' अक्षरांचेही असेच आहे. ट्रेझरीत उरलेल्या त्या ३० लाखांत बहुतांश नाणी कार्सन सिटीची निघाली, आणि जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याने ती १९७२ ते १९७४ आणि पुन्हा १९८० मध्ये टपालाने विकली. १८८४ च्या कार्सन सिटी डॉलरचे तर सुमारे ११ लाख ३६ हजारांपैकी साडेनऊ लाखांहून अधिक नाणी या विक्रीसाठी शिल्लक होती. थोडी नाणी त्याआधीही सुटली होती, म्हणून येथे मी शपथ घेत नाही. पण लखलखीत १८८४ सीसी असलेले बँकेचे कार्ड १९५० च्या दशकातले आहे असे कोणी सांगितले तर मी भुवया उंचावते.

आता कार्ड. मला जास्त रमायला होते ते येथे.

सर्वांत आधी मी पत्ता वाचते. अमेरिकेत मोठ्या शहरांना १९४३ मध्ये टपाल विभागाचे एक-दोन आकडी क्रमांक मिळाले आणि ते शहराच्या नावापुढे लिहिले जात: क्लीव्हलँड १४, ओहायो, किंवा न्यूयॉर्क १७, न्यूयॉर्क. १ जुलै १९६३ पासून पाच आकडी झिप कोड आला, आणि जुना विभाग क्रमांक बहुतेक ठिकाणी नव्या कोडच्या शेवटी जाऊन बसला. क्लीव्हलँड १४ चा ४४११४ झाला, न्यूयॉर्क १७ चा १००१७. राज्याच्या नावाची दोन अक्षरी संक्षिप्त रूपे त्याच वर्षीची आहेत. पाच आकड्यांपुढे आडवी रेघ आणि आणखी चार आकडे असले तर ते १९८३ नंतरचे. टेलिफोन क्रमांकाची सुरुवात एखाद्या शब्दाने होत असेल, तर संपूर्ण आकडी क्रमांक रूढ होण्याच्या आधीची ती पद्धत आहे. हा बदल १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला आणि पुढची कित्येक वर्षे गावोगाव वेगवेगळ्या वेळी पोहोचत राहिला. त्यामुळे टेलिफोनवरून नेमके साल काढण्याच्या फंदात मी पडत नाही.

पत्त्यानंतर तळाची ती बारीक ओळ, आणि माझ्या मते या कामातले सर्वांत धारदार हत्यार हेच. ठेवींचा विमा उतरवणारी एफडीआयसी ही संस्था १९३३ च्या कायद्याने स्थापन झाली, आणि विमा किती रकमेपर्यंत आहे हे बँका अभिमानाने छापत. १९३४ च्या जानेवारीत ही मर्यादा २,५०० डॉलर होती आणि त्याच वर्षाच्या मध्याला ५,००० झाली. १९५० मध्ये ती १०,००० वर गेली, १९६६ मध्ये १५,०००, १९६९ मध्ये २०,०००, १९७४ मध्ये ४०,००० आणि १९८० मध्ये १,००,०००. कार्डावर यांपैकी एक आकडा असला की काळाच्या दोन्ही बाजूंना कुंपण पडते, आणि असा दुहेरी बंदोबस्त दुसरा कोणताही पुरावा देत नाही. बँकेऐवजी सेव्हिंग्ज अँड लोन संस्थेचे कार्ड असेल तर विमा एफएसएलआयसी या वेगळ्या संस्थेचा असतो. ती १९३४ साली सुरू होऊन १९८९ मध्ये मोडीत निघाली, त्यामुळे ती आद्याक्षरे दिसली की वरची मर्यादा आपोआप ठरते. व्याजदर छापलेला असेल तर तोही वाचावा. व्यापारी बँकांच्या साध्या बचत खात्याची कमाल मर्यादा १९५७ पासून ३ टक्के होती, ती टप्प्याटप्प्याने वाढत १९७० पासून साडेचार आणि १९७३ पासून ५ टक्के झाली. तेव्हा एखाद्या व्यापारी बँकेने साध्या बचतीवर ५ टक्क्यांची जाहिरात केली असेल तर ते कार्ड १९७३ आधीचे असणे कठीण आहे. बँकेचे नाव स्वतःच एक पुरावा असते, कारण विलीनीकरणात नावे बदलतात आणि एफडीआयसीच्या बँकफाइंड या शोधसाधनात विमा असलेल्या बँकांची जुनी नावे व ती बदलल्याच्या तारखा पाहायला मिळतात.

येथे मी स्वतः कशी तोंडावर आपटले ते सांगायला हवे, कारण त्यातूनच मी या सगळ्या खुणांची प्रतवारी करायला शिकले. माझ्याकडे एक पाकीट होते, त्यावर 'शिकागो ३' असा जुन्या पद्धतीचा पत्ता. झिप कोड नाही, म्हणजे १९६३ पूर्वीचे, असे मी ठरवून टाकले आणि दोन-तीन जाणकारांना छातीठोकपणे सांगितलेही. त्यातल्या एकाने पाकीट हातात घेतले, उलटे केले आणि झडपेच्या कोपऱ्यातल्या तांदळाएवढ्या चित्रावर बोट ठेवले. घराच्या आकृतीत बरोबरीचे चिन्ह. घरकर्ज देताना भेदभाव करत नाही असे सांगणारी ही खूण १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानंतरची आहे. बँकेने पुढच्या बाजूचा छपाईचा जुना ठसा तसाच वापरला होता आणि मागे कायद्याला आवश्यक ती भर घातली होती. माझे पाकीट एका क्षणात किमान पाच वर्षांनी तरुण झाले.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. नवी गोष्ट हजर असणे हा पक्का पुरावा, आणि जुनी पद्धत टिकून असणे हा कच्चा. झिप कोड छापलेला आहे म्हणजे ती छपाई जुलै १९६३ नंतरचीच, यात वाद नाही. पण झिप कोड नाही म्हणजे ती त्याआधीची, असे म्हणता येत नाही, कारण छापखान्यातले जुने ठसे, गोदामातली शिल्लक पाकिटे आणि कारकुनाची सवय या तिन्ही गोष्टी कायद्यापेक्षा दीर्घायुषी असतात. विम्याच्या रकमेचा आकडा मात्र दोन्ही बाजूंनी बराच भरवशाचा ठरतो. मर्यादा वाढली असताना जुना, लहान आकडा मिरवण्यात कोणत्याही बँकेला रस नसतो, त्यामुळे असे कार्ड लवकर रद्दीत जाते. तरीही वरच्या टोकाला सहा महिने-वर्षभराची सूट मी मनातल्या मनात देते.

कागद आणि चिकटपट्टी यांचे पुरावे मी सर्वांत शेवटी पाहते. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायने आहेत आणि तो बहुधा १९५० च्या सुमारानंतरचा आहे. पिवळी पडून करकरीत झालेली सेलोफेन टेप आणि १९६१ मध्ये बाजारात आलेली दुधी, न पिवळणारी टेप यांतला फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. पण टेप कोणी लावली? बँकेने, की चाळीस वर्षांनी कार्ड फाटल्यावर घरातल्या कोणी? हा प्रश्न उभा राहिला की टेपचा सगळा रुबाब उतरतो.

या सगळ्यात एक निराळी जमात आहे, तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. पारदर्शक ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात बसवलेला आयझेनहॉवर डॉलर, खाली बँकेचे नाव आणि 'सिल्व्हर डॉलर' ही अक्षरे. हा डॉलर १९७१ ते १९७८ या काळात निघाला आणि व्यवहारातल्या नाण्यांत चांदीचा कणही नाही. तांब्याच्या गाभ्यावर तांबे-निकेलचे पत्रे आहेत. चाळीस टक्के चांदीची नाणी केवळ सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एस' अक्षराची, आणि तीही संग्राहकांसाठी वेगळ्या दराने विकलेली. सुटे नाणे वजनकाट्यावर ठेवले की २२.६८ आणि २४.५९ ग्रॅम हा फरक लगेच कळतो. ठोकळ्यात अडकलेले असेल तर कड पाहावी, तांबूस पट्टा दिसला की प्रश्न मिटला. काळ ठरवायला हे नाणे सोपे आहे, कारण ते तेव्हा नवेकोरे वाटले गेले. फक्त १७७६-१९७६ असे दुहेरी साल असलेले नाणे १९७५ मध्येही पाडले गेले होते आणि १९७५ साल असलेला डॉलर अस्तित्वातच नाही, एवढे ध्यानात ठेवावे. मागच्या बाजूची अक्षरे जाड आणि बोजड असतील तर साचा आधीचा, सडपातळ असतील तर नंतरचा.

एक खंत नोंदवल्यावाचून राहवत नाही. एका नाणे-मेळाव्यात मी एका विक्रेत्याच्या टेबलाशी उभी असताना एक वृद्ध बाई अशीच चार कार्डे घेऊन आल्या. भाव ठरला, पैसे दिले गेले, आणि त्या वळताच विक्रेत्याने कात्रीने चारही कार्डे उभी कापली, नाणी काढून पेटीत टाकली आणि पुठ्ठे टेबलाखालच्या टोपलीत. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच होते. १९२१ किंवा १९२२ च्या झिजलेल्या डॉलरची किंमत त्यातल्या चांदीला चिकटून असते आणि कार्डाने त्यात फारशी भर पडत नाही. मी टोपलीतले तुकडे मागून घेतले. त्यातल्या एकावर पेन्सिलीने मुलाचे नाव आणि जन्मतारीख लिहिली होती, म्हणजे ज्या एका कार्डाला काहीच तर्क न लढवता तारीख लावता आली असती, नेमके तेच. कोणते नाणे त्यातले होते हे सांगायला आता काहीच मार्ग उरलेला नव्हता.

नाणे आणि कार्ड मुळापासून एकत्र आहेत की मध्ये कोणी अदलाबदल केली, हा प्रश्न म्हणूनच मी कधी टाळत नाही. एखादे चांगले नाणे काढून घेऊन त्या जागी १९२१ चा स्वस्त डॉलर बसवणे ही पाच मिनिटांची कामगिरी आहे. याचे उत्तर बऱ्याचदा चांदीच देते. साध्या पुठ्ठ्यातल्या गंधकाने चांदी हळूहळू काळवंडते आणि पुठ्ठ्याची कड जेथे नाण्याला टेकते तेथे तो रंग सर्वांत गडद असतो: कडेला निळसर जांभळा, मग विटकरी, मग पिवळा आणि आत मूळचा पांढरा. ही कमान भोकाच्या कडेशी जुळली तर दोघांचा संसार जुना आहे असे समजावे. नाणे चकचकीत आणि पुठ्ठ्याच्या आतल्या कडेवर मात्र जुना काळा डाग, असे दिसले तर काहीतरी बिनसले आहे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत वेगळीच आपत्ती असते. त्यातल्या पीव्हीसीमुळे नाण्यावर हिरवट, चिकट थर चढतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढता येतो, पण घासायचे अजिबात नाही, आणि नाणे पुन्हा त्याच पाकिटात ठेवायचे नाही.

तर बटणांच्या डब्याखालचे ते कार्ड. पत्त्यात झिप कोड आहे, म्हणजे जुलै १९६३ नंतरचे. तळाच्या ओळीत ठेवींना १०,००० डॉलरपर्यंत विमा असल्याचे म्हटले आहे, म्हणजे ऑक्टोबर १९६६ पूर्वीचे, फार तर त्यानंतर काही महिन्यांचे. नाण्याबद्दल कौतुकाचा एक शब्दही नाही, त्यामुळे बँकेला ते दर्शनी किमतीला मिळत होते तेव्हाचे असावे, असा माझा कल आहे. भिंगाखाली मागच्या बाजूला अगदी चिमुकला 'डी' दिसतो; डेन्व्हरच्या टांकसाळीने त्या जुन्या काळात मॉर्गन डॉलर केवळ १९२१ मध्येच पाडला, त्यामुळे नाण्याविषयी शंका नाही. खालच्या डाव्या कडेला विटकरी रंगाची एक बारीक कमान आहे आणि पारदर्शक कागदाखाली ती पुठ्ठ्याच्या कडेला तंतोतंत समांतर जाते. मी ते आम्लरहित कागदाच्या पाकिटात घातले आणि बाहेर पेन्सिलीने लिहिले: नाणे १९२१, डेन्व्हर; भेट जुलै १९६३ ते ऑक्टोबर १९६६, बहुधा मार्च १९६४ च्या आधी.